हवेतील लेझर ठिणगी अनियमित पडते तेव्हा : दोष शोधण्याचा क्रम

क्यू-स्विच (साठवलेली ऊर्जा एका क्षणात सोडणारी झडप) असलेल्या एनडी-याग या स्फटिक-लेझरची १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीची पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, भिंगाने हवेत एकवटली की नाभीपाशी पांढरी ठिणगी पडते आणि तिच्याबरोबर ‘तड्’ असा कोरडा आवाज येतो. ठिणगीच्या प्रकाशावरून पदार्थातील मूलद्रव्ये ओळखणे, इंधन-मिश्रण पेटवणे, वायूंचा अभ्यास करणे असे बरेच काम या ठिणगीवर चालते, आणि ती नियमित पडेनाशी झाली की सगळे काम अडते. अशा व्यवस्था दुरुस्त करताना तोच प्रश्न पुनःपुन्हा समोर आला आहे. बहुतेक वेळा संशय सर्वप्रथम लेझरवर घेतला जातो आणि दोष मात्र भिंगात, हवेत किंवा ऊर्जा कमी-जास्त करण्याच्या पद्धतीत सापडतो. म्हणून तपासणीचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून सुरू करून लेझरपर्यंत शेवटी पोहोचणारा असावा.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की, एनर्जी मीटर प्रत्येक पल्सला जवळजवळ तोच आकडा दाखवतो, तरीही काही पल्सना ठिणगी पडते आणि काहींना पडत नाही. दुसरे लक्षण म्हणजे ठिणगीची जागा स्थिर राहत नाही. ती बीमच्या अक्षावर मिलीमीटर-दोन मिलीमीटर मागेपुढे सरकते, किंवा एकाच पल्समध्ये मण्यांसारख्या दोन-तीन ठिणग्या दिसतात. तिसरे, लेझर सुरू केल्यावर ठिणगी व्यवस्थित असते आणि तासाभराने क्षीण होते, किंवा नेमके याच्या उलट घडते. चौथे लक्षण नमुन्यांवर काम करणाऱ्यांना परिचित असेल: ठिणगी नमुन्याच्या पृष्ठभागावर पडण्याऐवजी त्याच्या वर हवेतच पडते, आणि वर्णपटात नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेषांची गर्दी होते. पाचवे लक्षण धोक्याचे आहे. भिंगाच्या अलीकडे, म्हणजे लेझरच्या बाजूला, बारीक तडतड ऐकू येते. असे असेल तर पुढे वाचण्याआधी लेझर बंद करावा. त्याचे कारण भिंगाच्या तपासणीत दिले आहे.

एक गोष्ट मात्र दोष समजू नये. ऊर्जा उंबरठ्याच्या, म्हणजे ठिणगी पडू लागते त्या पातळीच्या, बरीच वर असेल तर ठिणगी लांबट होऊन भिंगाच्या दिशेने वाढते, कारण तयार झालेला प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) उरलेली पल्स आपल्या पुढच्या कडेवर शोषून घेतो आणि त्याची सीमा प्रकाशाच्या उगमाकडे सरकत जाते. ठिणगी गोल नाही म्हणून भिंग बदलण्याची गरज नसते.

ठिणगी पडते कशी

ही यंत्रणा समजली नाही तर पुढच्या तपासण्या निव्वळ कर्मकांड ठरतील. १०६४ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १२.०७ आणि नायट्रोजनसाठी १५.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे ऑक्सिजनला एकाच वेळी ११ आणि नायट्रोजनला १४ फोटॉन शोषावे लागतील. हे अशक्य नाही, पण दुर्मीळ आहे. १९६३ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मेकर, टर्ह्यून आणि सॅव्हेज यांनी क्यू-स्विच केलेल्या रुबी लेझरने हवेत पाडलेल्या ठिणगीचे निरीक्षण मांडले तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला, कारण रुबीच्या ६९४.३ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्येही जेमतेम १.७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात.

प्रत्यक्षात काम दोन टप्प्यांत होते. पहिला इलेक्ट्रॉन कुठून तरी मिळावा लागतो. तो मिळाला की लेझरच्या विद्युत क्षेत्रात आंदोलन करत तो रेणूंवर आदळतो, प्रत्येक टकरीत प्रकाशाकडून थोडी ऊर्जा घेतो आणि पुरेशी ऊर्जा साठली की दुसऱ्या रेणूतून इलेक्ट्रॉन पाडतो. एकाचे दोन, दोनाचे चार अशी ही साखळी चालते. नाभीच्या जागेत साधारण दोन लाख कोटी रेणू असतील असे धरले तर एका इलेक्ट्रॉनपासून तेवढ्या संख्येपर्यंत जायला चाळीसच्या थोड्या वर दुपटी लागतात, आणि त्या सगळ्या आठ नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये उरकाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक दुपटीला ०.२ नॅनोसेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. त्यामुळे तीव्रता प्रचंड लागते. वातावरणीय दाबाच्या हवेत नॅनोसेकंद पल्ससाठी ती दर चौरस सेंटीमीटरला दहा हजार कोटी वॅटपासून काही लाख कोटी वॅटपर्यंत असते. नाभीचा आकार, पल्सची लांबी आणि हवेची स्वच्छता यांनुसार आकडा बदलतो. दहा हजार कोटी वॅटला विद्युत क्षेत्राचे शिखरमूल्य सेंटीमीटरला ८० लाख व्होल्टच्याही वर जाते, तर स्थिर विद्युत दाबाखाली हवा सेंटीमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टलाच भंग पावते. एवढा फरक पडतो याचे कारण, प्रकाशाचे क्षेत्र इतक्या झपाट्याने दिशा बदलते की इलेक्ट्रॉनला टकरीशिवाय ऊर्जा राखताच येत नाही, आणि टकरी आंदोलनांच्या मानाने फारच विरळ असतात.

आता पहिल्या इलेक्ट्रॉनचा हिशोब पाहावा. निसर्गतः हवेत दर घन सेंटीमीटरला काही शे ते हजारभर आयन असतात. नाभीचे घनफळ घन सेंटीमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे असेल, तर त्यात आयत्या वेळी एखादा आयन सापडण्याची शक्यता हजारात एक किंवा त्याहून कमी. म्हणजे बहुतेक वेळा पहिला इलेक्ट्रॉन लेझरनेच अनेक-फोटॉन शोषणातून काढलेला असतो, नाहीतर हवेतल्या धुळीच्या कणाने पुरवलेला असतो. अनियमित ठिणगीचे मूळ बहुतांशी इथेच आहे. अकरा फोटॉनांच्या शोषणाचा दर तीव्रतेच्या अकराव्या घातात बदलतो, म्हणून तीव्रता १० टक्क्यांनी वाढली तर तो जवळपास तिप्पट होतो. एनर्जी मीटरवर सहज नजरेआड होणारा फरक पहिल्या इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने फार मोठा असतो.

सुरक्षेविषयी एकदाच

१०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटते आणि झालेली इजा भरून येत नाही. त्या तरंगलांबीसाठीचा गॉगल खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर असल्याशिवाय खालची एकही तपासणी करू नये. भिंगाला, आरशाला किंवा बीमच्या वाटेतल्या कशालाही हात लावायचा असेल तर आधी शटर बंद करावे. अंगठी, घड्याळ, चकचकीत स्क्रू-ड्रायव्हर यांवरून उसळलेला बीमही तितकाच घातक असतो.

फुकटच्या तपासण्या

सर्वप्रथम मोजणी करावी, कारण ‘कधी पडते, कधी पडत नाही’ या वर्णनाचा उपयोग नसतो. मोबाइल फोन जवळ ठेवून मिनिटभर आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि आवाजाच्या आलेखावरचे टोकदार ठोके मोजावेत. सेकंदाला १० पल्स असतील तर मिनिटाला ६०० ठोके यायला हवेत. हीच मोजणी ऊर्जा थोडी कमी व थोडी जास्त करून पुन्हा करावी. हवेचा भंग, म्हणजे ठिणगी पडणे, ही तलवारीच्या धारेसारखी एका आकड्यावर घडणारी घटना नाही. उंबरठ्याच्या आसपास शंभरातल्या काही पल्सना ठिणगी पडणे स्वाभाविक असते, आणि निम्म्या पल्सना ठिणगी पडते त्या ऊर्जेलाच बहुधा उंबरठा म्हणतात. तुमची नेहमीची ऊर्जा या मूल्याच्या अगदी जवळ असेल तर बिघाड काहीच नाही. कामच काठावर चालले आहे. याउलट निम्म्या पल्सना ठिणगी पडणाऱ्या ऊर्जेच्या दुप्पट ऊर्जेलाही ठिणग्या चुकत असतील, तर प्रकाशात खरोखर काहीतरी गडबड आहे. पुढचा सगळा शोध या एका मोजणीवर उभा राहतो, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात.

दुसरी फुकट तपासणी भिंगाच्या दिशेची. एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असलेल्या भिंगाची फुगीर बाजू समांतर बीमकडे, म्हणजे लेझरकडे हवी. उलट बसवल्यास गोलीय विपथन (कडेचे व मधले किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकवटणे) कितीतरी वाढते, नाभी अक्षावर पसरते आणि शिखर तीव्रता घसरते. ठिणगी मागेपुढे सरकणे किंवा मण्यांसारखी दिसणे यांचे हे एक ठरलेले कारण आहे. भिंग स्वच्छ करून परत बसवताना ते उलटे बसणे इतके सामान्य आहे की ‘काल स्वच्छता केली’ असे ऐकले की मी दुसरे काही पाहण्याआधी भिंगाची कड पाहतो.

इथेच भिंगाच्या अलीकडच्या तडतडीचा उलगडा होतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. फुगीर बाजू लेझरकडे असताना मागच्या सपाट पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश भिंगातून दुसऱ्यांदा जातो आणि भिंगाच्या अलीकडे, नाभीय अंतराच्या निम्म्यावर पुन्हा एकवटतो. भिंग उलटे असेल तर हे अंतर साधारण सहाव्या भागावर येते. १०० मिलीमीटरच्या भिंगासाठी हे बिंदू अनुक्रमे सुमारे ५० आणि १७ मिलीमीटरवर असतात. तिथे आरसा, पोलरायझर किंवा खिडकी असेल तर तिच्यावर डाग पडतोच. उपाय सोपा आहे: त्या जागी काहीही ठेवू नये आणि त्या तरंगलांबीचा परावर्तनरोधी लेप असलेले भिंग वापरावे.

यानंतर भिंग व आरसे टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावेत. धुळीचा कण जळून पडलेला खड्डा किंवा लेपावरचा करडा ठिपका दिसला तर ते भिंग पुसून सुधारणार नाही, ते बदलावेच लागते. नुसती धूळ असेल तर आधी रबरी फुग्याने हवा मारावी आणि मगच लेन्स-टिश्यूला शुद्ध मेथॅनॉल लावून एकदाच, एकाच दिशेने ओढावे. तोंडाने फुंकर घालू नये.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

हवेकडे वळू. धुळीचा कण प्रकाश शोषून तापतो, त्याच्यापासून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि उंबरठा स्वच्छ हवेच्या मानाने बराच खाली येतो. त्यामुळे धुळीच्या खोलीत कण नाभीत आला की ठिणगी, नाही आला की नाही, असा निव्वळ नशिबाचा खेळ सुरू होतो. शिवाय कण नाभीच्या थोडे पुढे किंवा मागे असला तर ठिणगीही तिथेच पडते. खोली झाडल्यानंतर किंवा शेजारी ग्राइंडर चालल्यानंतर ठिणग्या ‘सुधारल्या’ असे वाटले तर आनंद मानू नये. नाभीभोवती दोन्ही टोकांना उघडी असलेली रुंद नळी ठेवून तिच्यात बारीक फिल्टरमधून गाळलेली हवा सावकाश सोडावी आणि मोजणी पुन्हा करावी. ठिणग्या एका जागी स्थिरावल्या तर दोष धुळीचा होता. ठिणग्या पूर्णच थांबल्या तर त्याचा अर्थ असा की तुमची तीव्रता मुळातच अपुरी होती आणि आजवर सगळे काम धुळीच्या कृपेने चालले होते. तुलनेसाठी गाळलेली हवाच वापरावी, सिलिंडरमधला नायट्रोजन नव्हे. नायट्रोजनमधून पहिला इलेक्ट्रॉन काढणे अधिक कठीण असल्याने दोन बदल एकाच वेळी होतील आणि निष्कर्ष निघणार नाही.

नमुन्याच्या वर हवेत ठिणगी पडण्याचे कारणही बहुधा हेच असते. मागच्या पल्सने उडवलेली सूक्ष्म पूड पुढच्या पल्सपर्यंत तिथेच तरंगत राहते. वायूचा आडवा प्रवाह ठेवावा, पल्सचा दर कमी करावा आणि भिंगापासून नमुन्याचे अंतर नाभीय अंतरापेक्षा किंचित कमी ठेवावे, म्हणजे खरी नाभी नमुन्याच्या पृष्ठभागाखाली जाईल आणि वरच्या हवेत तीव्रता उंबरठ्याला पोहोचणार नाही.

बंद कक्षात वायू भरून काम करत असाल तर दाब आणि शुद्धता तपासावी. दाब कमी झाला की टकरी कमी होतात आणि उंबरठा चढतो, त्यामुळे किंचित गळती असलेल्या निर्वात कक्षात सकाळ-संध्याकाळचे आकडे जुळत नाहीत. आर्गॉनचा उंबरठा हवेपेक्षा कमी आणि हेलियमचा बराच जास्त असतो. आधीच्या प्रयोगाचा हेलियम नीट काढला नसेल तर आर्गॉनही हट्टी वाटू लागतो.

तीव्रता अपुरी ठरली तर लेझरची ऊर्जा वाढवण्याआधी भिंग बदलण्याचा विचार करावा. समजा बीमचा व्यास ८ मिलीमीटर आहे, त्याची गुणवत्ता आदर्शापेक्षा दुप्पट वाईट आहे आणि पल्स ५० मिलीज्यूल व ८ नॅनोसेकंदांची आहे. १०० मिलीमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने नाभीची त्रिज्या सुमारे १७ मायक्रॉन आणि तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७० हजार कोटी वॅट येईल. २०० मिलीमीटरच्या भिंगाने त्रिज्या दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते आणि तीव्रता १७ हजार कोटींच्या आसपास उतरते. तेवढ्याच ऊर्जेत एक भिंग उंबरठ्याच्या वर आणि दुसरे त्याच्या काठावर असू शकते.

मोजमापाची साधने लागणाऱ्या तपासण्या

ऊर्जा लेझरच्या तोंडाशी न मोजता भिंगाच्या लगेच आधी मोजावी, कारण वाटेतला प्रत्येक खराब आरसा आपला वाटा घेतो. त्यानंतर ऊर्जा कशी कमी-जास्त केली जाते ते पाहावे. फ्लॅशलॅम्पचा (लेझरला ऊर्जा देणाऱ्या दिव्याचा) व्होल्टेज कमी करून ऊर्जा कमी केली तर नुसती ऊर्जा बदलत नाही. रॉडचे, म्हणजे लेझरच्या स्फटिक-कांडीचे, तापमान बदलते, त्यातून तयार होणारे औष्णिक भिंग (तापलेला रॉड भिंगासारखा वागणे) बदलते, बीमचे अपसरण व नाभीची जागा बदलते आणि पल्सही लांब होते. सेकंदाला १० पल्ससाठी जुळवलेला लेझर सेकंदाला एका पल्सवर चालवला तरी हेच होते. तासाभराने ठिणगी क्षीण होण्यामागेही अनेकदा हे औष्णिक भिंगच असते, किंवा चिलरचे (लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राचे) पाणी ठरलेल्या तापमानावर टिकत नसते. लॅम्प त्याच्या मूळ दराने व मूळ व्होल्टेजवर चालू द्यावा, कमी पल्स हव्या असतील तर क्यू-स्विच दर दहाव्या पल्सला उघडावा, आणि ऊर्जा बाहेर अर्धतरंग पट्टी (प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरवणारी) व पोलरायझर (एकाच दिशेचे ध्रुवण जाऊ देणारा) यांच्या जोडीने कमी करावी. चिलरविषयी आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी एक सूचना: पाण्याचे तापमान खोलीच्या दवबिंदूखाली ठेवल्यास लेझर हेडच्या आत दव धरते, आणि मग प्रश्न ठिणगीपुरता राहत नाही.

एवढे करूनही दुप्पट ऊर्जेला ठिणग्या चुकत असतील, तर जलद फोटोडायोड आणि किमान १ गिगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप घेऊन पल्सचा आकार पाहावा. फोटोडायोडवर थेट बीम कधीही सोडू नये, पसरट पृष्ठभागावरून विखुरलेला क्षीण प्रकाश पुरतो. सीडिंग (छोट्या लेझरचा एकाच वारंवारतेचा प्रकाश आत सोडणे) नसलेल्या लेझरमध्ये अनेक अनुदैर्घ्य मोड, म्हणजे किंचित वेगळ्या वारंवारता, एकाच वेळी चालतात आणि त्यांच्या मिश्रणातून पल्सवर नॅनोसेकंदापेक्षाही अरुंद शिखरे उमटतात, जी प्रत्येक पल्सला वेगळी असतात. एनर्जी मीटर फक्त बेरीज सांगतो, पहिला इलेक्ट्रॉन मात्र शिखरावर अवलंबून असतो. हा लेझरच्या रचनेचा गुणधर्म आहे, बिघाड नव्हे. तो नको असेल तर एकमोडी सीडर लागतो. पल्सचा आकार स्वच्छ असूनही ठिणगी हलत असेल तर बीम प्रोफाइलरने नाभीच्या जागी तीव्रतेचे वितरण पाहावे. त्यासाठी बीम आधी पुरेसा क्षीण करणे अत्यावश्यक आहे.

इथे थांबावे

पुढील परिस्थितीत स्वतः काही न करता उत्पादकाच्या किंवा अनुभवी लेझर अभियंत्याला बोलवावे. मूळ व्होल्टेजला ऊर्जा नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी येत असेल आणि बाहेरचे सर्व आरसे स्वच्छ असतील. बर्न पेपरवर (बीमने जळून ठसा उमटणाऱ्या कागदावर) बीमचा ठसा एका बाजूने कापलेला किंवा चंद्रकोरीसारखा दिसत असेल. क्यू-स्विच उघडण्याआधीच प्रकाश गळत असल्याचे, किंवा एकामागून एक दोन पल्स येत असल्याचे ऑसिलोस्कोपवर दिसत असेल. हेडमध्ये दव किंवा गळती आढळली असेल.

या सर्व दोषांसाठी लेझर हेड किंवा वीजपुरवठा उघडावा लागतो. वीजपुरवठ्यातले कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून राहू शकतात. क्यू-स्विचचे काम करणाऱ्या पॉकेल्स सेलमधला स्फटिक पाणी शोषणारा असतो आणि दमट हवेत उघडला तर कायमचा खराब होऊ शकतो. कॅव्हिटीतले, म्हणजे लेझरच्या आतले, आरसे अंदाजाने फिरवले तर तीव्रतेचे स्थानिक शिखर रॉडच्या टोकाचा लेप जाळू शकते, आणि रॉडची किंमत नव्या भिंगांच्या कित्येक पट असते. लॅम्प बदलणे काही लेझरांमध्ये वापरकर्त्याला करता येते, पण उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी पद्धत दिलेली असेल तरच.

अभियंता येण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: ऊर्जेनुसार ठिणग्यांची मोजणी, लॅम्पवर झालेल्या एकूण पल्स, भिंगाच्या आधी मोजलेली ऊर्जा आणि लॅम्पच्या व्होल्टेजचा आकडा. गाळलेल्या हवेतली मोजणी वेगळी लिहावी. ती नसेल तर येणारा माणूस पहिला अर्धा दिवस तीच करण्यात घालवेल.